फक्त बघायचं पाणी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज कढईत एका माणसाची टोपी पडली. कढई म्हणजे इथलं सगळ्यांत मोठं कुंड. नाव इथे काम करणाऱ्यांनीच ठेवलेलं. निळंशार पाणी, काठाला केशरी-पिवळी साय धरावी तशी कड, आणि मधोमध सारखी उकळी. वाऱ्याने टोपी उडाली तसा तो माणूस कठड्यावरून कमरेपर्यंत वाकला, आणि त्याची बायको हसत फोटो काढत राहिली. मी तिकिटाच्या खिडकीतून ओरडले, पण इतक्या लांबून काय ऐकू जाणार! टोपीने दोन गिरक्या घेतल्या आणि उकळीत दिसेनाशी झाली. त्याने डोकं खाजवलं आणि पुढच्या कुंडाकडे चालू लागला. मी मात्र त्यानंतर कितीतरी वेळ सुटे पैसे दोन-दोनदा मोजत होते.

म्हणून ही वही. धाकटी बहीण फोनवर म्हणालीच होती, "ताई, तुझ्या भीत्या मला ऐकवण्यापेक्षा लिहून काढ. निदान माझे कान सुटतील." तिचं काही चुकलं नाही. मी लिफ्टला भिते, कुत्र्याला भिते, डॉक्टरांच्या फोनला भिते, आणि बाई उकळत्या पाण्याच्या दारात राहायला आल्या आहेत.

नवऱ्याला इथल्या लाकडी वाटेच्या देखभालीचं काम मिळालं. कुंडांमधून फिरणारी ही वाट, तिच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, कठडा कुठे हलतोय ते बघायचं. कामाबरोबर राहायला क्वार्टर मिळालं आणि मला तिकीट खिडकी. शहरातल्या त्या कोंदट जागेपेक्षा हे शंभरपटीने बरं, असं तो म्हणतो. मी "हो" म्हणते आणि चिऊचा हात घट्ट धरते. चिऊ सहा वर्षांची आहे आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही. बापावर गेली आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

दर रविवारी टॉवेल घेऊन येणारी माणसं असतात. आज एक अख्खं कुटुंब आलं, काखेत टॉवेल, पिशवीत साबण.

"अंघोळीची जागा कुठेय?"

"अंघोळ नाही करता येत. फक्त बघायचं."

"एवढं गरम पाणी, आणि फक्त बघायचं?"

"साहेब, अंडं टाकलंत तर शिजून निघेल."

"मग पैसे कशाचे घेता?" असं म्हणून साहेब रागावले, तिकिटं मात्र काढली. वाफेत उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले आणि जाताना म्हणाले, छान आहे हो. छान आहेच. डोळ्यांना इतकं सुंदर दिसणारं आणि हात लावला तर कातडी सोलून काढणारं असं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

चिऊला मी नियम घातला आहे: क्वार्टरच्या फाटकाबाहेर एकटीने पाऊल टाकायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "भित्री भागूबाई! पोरीला पेटीत घालून ठेव." सासूबाई मागच्या आठवड्यात मोठ्या दिरांकडून आल्या. "जरा हवापालट" म्हणाल्या होत्या, पण बरोबर दोन मोठ्या बॅगा आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा आणलंय. एवढं सामान कशाला, कोण जाणे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

थंडीने कहर केलाय. सकाळी कठड्याला हात लावला तर चिकटतो. सासूबाईंचे गुडघे आखडले, पुढच्या खोलीतून न्हाणीपर्यंत जाताना त्या तीनदा थांबल्या. म्हणून आज त्यांना मागच्या खोलीत हलवलं. पूर्वी ती सामानाची खोली होती. आम्ही रिकामी केली, पुसली, त्यांची कॉट लावली.

ती खोली निवडण्याचं माझं कारण वेगळं होतं, पण मी ते बोलले नाही. पुढच्या खोलीतून कढईची वाफ दिसते. मागची खोली पाण्यापासून सगळ्यांत लांब. तिथे काय होणार आहे?

आणि गंमत म्हणजे तिथली फरशी चक्क उबदार आहे! कोपऱ्यात फरशीला एक चीर गेली आहे, तिच्यावर पाय ठेवला तर गरम वाफारा लागतो. सासूबाई खुर्ची ओढून तिथेच पाय ठेवून बसल्या. "मोठ्याकडे हीटर होता," म्हणाल्या, "पण तो लावला की सूनबाई मीटर बघायला जायची." मग हसल्या. माझ्या जाऊबाईंबद्दल त्यांनी याहून जास्त कधी काही सांगितलेलं नाही.

एकच गोष्ट विचित्र. या खोलीच्या दोन भिंतींना अगदी जमिनीलगत लोखंडी जाळ्या आहेत. वर झरोके ठेवायचे सोडून खाली जाळ्या ठेवणारा कोण शहाणा होता? थंडगार वारा थेट पायांवर येतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वास. सडक्या अंड्यांचा तो वास इथे सगळीकडेच असतो, पण मागच्या खोलीत आज इतका होता की चिऊ नाक धरून पळाली. मला वाटतं, कुंडांवरून वारा येतो आणि त्या खुळ्या जाळ्यांतून आत घुसतो.

नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर फळ्या ठोकून दमलेला. म्हणाला, "ऑफिसात सांगतो. हंगाम संपला की माणूस पाठवतील." हंगाम संपेपर्यंत आम्ही काय नाकाला चिमटे लावून बसायचं? मग मीच पुठ्ठे आणले, जाळ्यांच्या मापाने कापले आणि चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केले. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून सारली. खिडकीच्या फटींना पट्टी मारली. काम संपलं तेव्हा खोली अशी बंदिस्त झाली होती की बाहेरचा आवाजसुद्धा येईना.

खूप दिवसांनी छातीवरचं ओझं थोडं उतरलं. निदान आपल्या हाताने काही करता आलं.

मंगळवार, २ डिसेंबर

आज धाबं दणाणलं. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये इथला गाइड राहतो. सकाळी तो शाळेच्या मुलांना वाटेवरून फिरवत होता आणि नेमकं खिडकीसमोर थांबून दरीसारख्या एका खोलगट जागेकडे बोट दाखवत म्हणाला, "मागच्या वर्षी तिथे एक कोल्हा मरून पडलेला सापडला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. जमिनीतून जो गॅस येतो ना, तो हवेपेक्षा जड असतो. खाली साचतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला तर नाकच बधिर होतं. वास थांबला की समजायचं..."

पुढचं ऐकू आलं नाही. एका बाईला सुटे पैसे हवे होते आणि ती खिडकीवर अंगठी वाजवत होती.

पण ऐकलं तेवढं पुरे झालं. ती खोलगट जागा आमच्या क्वार्टरपासून किती लांब आहे? कठड्यापलीकडे थोडीच. तिथून तो गॅस सरपटत आमच्या दारापर्यंत आला तर? दुपारच्या सुट्टीत धावत घरी गेले. जाळ्यांवर पुठ्ठ्याचा दुसरा थर चढवला, दाराखालची चादर आणखी घट्ट केली. सासूबाई चिरेवर पाय ठेवून डुलक्या घेत होत्या. डोळे उघडून म्हणाल्या, "काय गं, आता काय वेढा पडलाय?"

संध्याकाळी गाइडची बायको आली. तिला मी मनातल्या मनात गाइडीण म्हणते. तिचं बाळ चार महिन्यांचं. मी तिला सगळं सांगितलं आणि उरलेली चिकटपट्टी दिली. बिचारी किती वेळा "थँक्यू ताई" म्हणाली.

रविवार, ७ डिसेंबर

वास गेला! पूर्ण गेला. सासूबाईच सकाळी म्हणाल्या, "आता काहीच येत नाही बघ. तू केलंस ते बरं केलंस." सासूबाईंच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला लग्नानंतर बारा वर्षं लागली. मी आत गेले तेव्हा मला दारात भस्सकन वास आला, पण दोन मिनिटं बसले तर खरंच काही नाही. बाहेरचाच वास नाकात बसला असणार.

त्यांना झोपही छान लागते. दुपारी जेवण झालं की दिवेलागणीपर्यंत झोपतात. मोठ्याकडे म्हणे रात्र रात्र डोळा लागत नसे.

फक्त त्यांचा चांदीचा चमचा काळा पडला. त्यांच्या आईचा चमचा, औषध त्यानेच घेतात, कपाटावर असतो. मी घासून लख्ख केला, तर दोन दिवसांत पुन्हा कोळसा. भांडी घासायची नवी पावडर आणली आहे, ती बदलली पाहिजे. त्यांच्या खिडकीतली झाडाची कुंडीही गेली, पानं खालून वर सुकत आली. मला झाडं कधी लाभलीच नाहीत.

शनिवार, १३ डिसेंबर

सासूबाईंच्या हातून कप पडला. मी धावत गेले तर भिंतीला धरून उभ्या होत्या, डोळे लालभडक.

"काय झालं, आई?"

"कुठे काय? हात ओला होता."

"चक्कर आली का?"

"मी ठणठणीत आहे. तू उगाच मोठ्याला फोन करू नकोस हां."

मी फोन करणार नव्हते, पण त्यांनी असं म्हटल्यावर करावासा वाटला. मग वाटलं, लिफ्टपासून कुत्र्यापर्यंत ज्या बाईला सगळ्याची भीती वाटते, तिच्या भीतीवर फोन किती वेळा करायचा? नवरा म्हणतोच, "तुझ्या पोटात गोळा आला नाही असा एक दिवस दाखव." डोळ्यांत घालायचं औषध आणून दिलं. थंडीमुळे असेल, आणि वयही झालंय.

चिऊची शाळा परवापासून बंद. ती आजीकडे झोपायचा हट्ट धरून बसली आहे, कारण आमच्या खोलीत नाक गोठतं. सासूबाईंनी लगेच कॉट तिला देऊन टाकली आणि आपली गादी खाली, त्या चिरेजवळ घातली. "मला खालीच बरं वाटतं. पाठ शेकते," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. चिऊ दिवसभर आजीजवळ आत राहील, म्हणजे मी खिडकीवर असताना ती कठड्याकडे जायची भीती नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

गर्दी. सकाळपासून रांग. एका बाईने मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढला. मी इतकी ओरडले की ऑफिसातून समज मिळाली: पर्यटकांशी सौजन्याने बोला.

माझं दिवसभर हे असंच चाललेलं असतं. डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघायचं. घरी परत आले की मागच्या खोलीचं दार ढकलायचं, दोघी आत आहेत हे पाहायचं आणि मगच श्वास सोडायचा. आज चिऊ म्हणाली, "आई, डोकं दुखतंय." दिवसभर गोष्टी ऐकत आत बसली होती, दुखणारच. उद्या थोडा वेळ अंगणात सोडते, फाटक बंद करून.

शनिवार, २० डिसेंबर. हॉस्पिटल

काल घडलं ते आज लिहिते आहे. लिहिलं नाही तर डोक्यात तेच फिरत राहील.

सकाळी तिकिटं सुरू केली आणि नेहमीप्रमाणे मनात आलं, शेगडी बंद केली का? केली होती, हेही माहीत होतं. तरी जीव थाऱ्यावर राहिना. रांग फाटकाच्या बाहेर गेलेली. मी खिडकी ओढून घेतली आणि घराकडे पळाले. मागून लोक ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, "या बाईला नेहमीच काहीतरी होतं."

शेगडी बंदच होती. परत निघाले तर मागच्या खोलीतून चिऊचा आवाज आला. रडण्याचा नाही, बारीक, कंटाळल्यासारखा. "आजी उठ ना. आजी उठ ना."

दार ढकललं तर चादरीमुळे अडकलं. खांद्याने ढकललं. सासूबाई गादीवरून खाली घसरल्या होत्या, तोंड फरशीला, त्या चिरेपासून हातभर अंतरावर. चिऊ कॉटवर उभी. डोळ्यांतून धारा, आणि खाली उतरायला एक पाय सोडलेला.

मी सासूबाईंना उठवायला वाकले आणि डोक्यात काहीतरी विझल्यासारखं झालं. गुडघे गेले. खाली तेवढ्या उंचीवर हवाच वेगळी होती, हे मला तेव्हा कळलं नाही, अंगाला कळलं. मी उभी राहिले, श्वास घेतला, कोंडला. चिऊला म्हटलं, पाठीवर ये. ती माकडासारखी गळ्याला लटकली. मग सासूबाईंचे दोन्ही दंड धरले आणि मागे मागे ओढत निघाले. त्या हलक्या आहेत, पण काल डोंगर झाल्या होत्या. उंबऱ्यावर त्यांचं डोकं आपटलं. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अंगणात आणल्यावर मी किंचाळले. गाइड धावत आला. त्याने त्यांचं तोंड पाहिलं, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाला.

चिऊ बरी आहे. कॉटवर होती म्हणून, असं डॉक्टर म्हणतात. आणखी थोड्या वेळाने तुम्ही आला असतात तर, असंही काहीतरी म्हणत होते. मी पुढचं ऐकलं नाही. सासूबाईंना अजून शुद्ध नाही. नाकाला नळी आहे. मी त्यांचा हात धरून बसले आहे. बोटं गार आहेत आणि मला त्यांची इतकी भीती वाटते आहे, जितकी कढईची कधी वाटली नाही.

रविवार, २१ डिसेंबर

पहाटे सासूबाईंनी डोळे उघडले. ओळखलं. "चिऊ?" एवढंच विचारलं.

दुपारी तपासणीचे साहेब यंत्र घेऊन क्वार्टर बघून आले आणि आम्हाला भेटायला इथेच थांबले. त्यांनी समजावून सांगितलं. गॅस बाहेरून आलाच नव्हता. खोलीच्या खालूनच, त्या चिरेतून येत होता. फरशी उबदार होती ती त्यामुळेच. तो जड असतो म्हणून जमिनीलगत साचतो, आणि म्हणूनच जुन्या लोकांनी जाळ्या खाली ठेवल्या होत्या, साचण्याआधी बाहेर पडावा म्हणून. वास येईनासा झाला तो गॅस वाढल्यामुळे. नाक मेलं होतं.

एकेक वाक्य माझ्या अंगावर येऊन पडत होतं. चमचा. कुंडी. डोळे. दिवेलागणीपर्यंतची झोप, जिचं मी या वहीत कौतुक केलं.

साहेबांनी विचारलं, "जाळ्या उघड्या होत्या ना?"

नवरा म्हणाला, "होत्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघेना. मग कळलं: काल आम्ही इकडे असताना तो क्वार्टरवर जाऊन आला होता. पुठ्ठे, पट्टी, चादर, सगळं त्याने काढून टाकलं होतं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरून घरी धावलात म्हणून दोन जीव वाचले. हे मी लिहिणार आहे." शेजारच्या खाटेवरच्या बाईने हात जोडले. कबूल करते, ते कौतुक मला गोड लागलं. निदान तेवढा एक क्षण.

आणि मग गाइडीण आठवली.

"तिचं बाळ," मी म्हणाले. "मी तिला पट्टी दिली होती. तिनेही जाळ्या बंद केल्या असतील. साहेब, जाळ्या मी बंद केल्या होत्या. आमच्याही मीच केल्या. आधी तिला फोन लावा."

नवरा बाहेर पळाला. फोन लागेपर्यंतची ती मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. बाळ ठीक आहे. त्यांच्या फरशीला चीर नाही. तरी गाइडने लगेच सगळं उघडलं आणि बायकोला तिच्या माहेरी पाठवलं. ती फोनवर माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं. सगळी क्वार्टर्स रिकामी करायचा हुकूम निघाला. नवरा व्हरांड्यात मला म्हणाला, "कशाला बोललीस? मी सांभाळलं होतं ना." थोड्या वेळाने चहा घेऊन आला आणि म्हणाला, "बरं केलंस." अर्धा चहा बशीत सांडला होता. त्याला मी आजवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मंगळवार, २३ डिसेंबर

मोठे दीर आले. गाडी घेऊनच आले. डॉक्टरांशी बोलले, बिलाचं विचारलं, आणि मग खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "आईला उद्या मी घेऊन जातो. झालं तेवढं पुरे झालं." मला उद्देशून काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही नव्हती.

सासूबाई छताकडे बघत होत्या.

मला वाटलं, हे बरोबर आहे. न्यायला हवंच. माझ्याजवळ त्यांना कोण ठेवेल? पण जाण्याआधी त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं. दीर चहाला गेले तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली.

"आई, त्या जाळ्या मी बंद केल्या म्हणून हे झालं. मीच तुम्हाला त्या खोलीत ठेवलं. चिऊलाही मीच तिथे..."

"माहितीये," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजून घोगरा आहे. "तुझ्या नवऱ्याने सांगितलं. रडत होता गाढव."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"आता माझं ऐक. मला महिनाभर गरगरत होतं. उठलं की डोळ्यांपुढे अंधार. दोनदा पडले, तू खिडकीवर असताना. बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"बोलले असते तर तू घाबरली असतीस. आणि घाबरली असतीस तर मला मोठ्याकडे पाठवलं असतंस."

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "हो," म्हटलं. "दुसऱ्या दिवशीच पाठवलं असतं."

"मग? त्याच्या घरात खायला मिळतं, औषध मिळतं. पण मी एखाद्या खोलीत मेले असते ना, तर संध्याकाळी जेवणाच्या वेळी कळलं असतं." त्यांना धाप लागली. "त्या घरी परत जायची मला किती भीती वाटते, ते तुला सांगून कळणार नाही. की कळेल?"

कळलं. ज्या बाईने मला बारा वर्षं भित्री म्हणून चिडवलं, ती माझ्याइतकीच घाबरलेली होती, आणि त्या भीतीपायी तिने चिऊला शेजारी घेऊन विष हुंगलं. मला तिचा भयंकर राग आला. चिऊसाठी आला. मी तो बोलूनही दाखवला. "चिऊचं तरी बघायचं होतं, आई."

"हो," त्या म्हणाल्या. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. मी पुसलं.

दीर परत आले. "आई, सकाळी आठला निघू."

"मी हिच्याबरोबर जाणार."

"अगं, हिनेच तर—"

"हो, हिनेच. आता ही मला डोळ्यांआड करेल का? तूच सांग."

दीर माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईही. नवरा दारात उभा. मी काय म्हणणार? मला म्हणायचं होतं, नको, माझ्यावर सोडू नका, माझ्या हातून पुन्हा काहीतरी होईल.

"येऊ देत," मी म्हणाले.

मंगळवार, ३० डिसेंबर

गावात दोन खोल्या मिळाल्या, दुसऱ्या मजल्यावर. खाली बेकरी आहे. खोल्यांखाली थेट जमीन नाही ना, एवढी एकच चौकशी मी केली. घरमालकाला वाटलं मी वेडी आहे. नवरा बसने कामाला जातो. माझी खिडकी मी सोडली.

सासूबाईंची खाट खिडकीशी लावली आहे आणि खिडकी दिवसभर उघडी. त्यांच्या अंगावर तीन पांघरुणं, डोक्याला मफलर, नुसतं नाक बाहेर. चिऊ म्हणते, आजी पार्सल झाली. मी काम करता करता येते, त्यांच्या छातीकडे बघते, जाते, पुन्हा येते. दुपारी त्या झोपलेल्या असताना नाकाशी हात धरला, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "जिवंत आहे. जा भांडी घास."

मघाशी वारा सुटला. बाहेरची पत्र्याची पाटी खडखडायला लागली, पडदा खोलीभर उडाला. सासूबाईंचे दात वाजत होते.

"लाव गं ती खिडकी."

"नको, आई."

"अगं थंडीने मरेन ना मी."

"आणखी एक पांघरूण देते."

"बाई गं," त्या म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. "थोडी लाव. सगळी नको लावूस, थोडीच. मी आहे ना जागी. आपण दोघी बघू."

मी उठले. खिडकीला हात घातला आणि तो पुढे जाईना. दरदरून घाम फुटला, एवढ्या थंडीत. सासूबाई वाट बघत राहिल्या. मग मी बोटभर लावली. वारा जरा कमी झाला. त्यांनी मान हलवली, अजून थोडी. मी आणखी बोटभर लावली आणि खिडकीचा दांडा धरून तिथेच उभी राहिले.